संग्रहालयातील वडीलधारी मंडळी

वरूड तालुक्यातील कुटुंबवत्सल गृहस्थाला परगावी जावयाचे असेल, तर त्या प्रवासाला असे एखादे कारण असावे लागते, की जे चारचौघांत उच्चारले असता पुढचा प्रश्न निघू नये. लग्न, दवाखाना, कोर्टाची तारीख, शेगावचे दर्शन आणि संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे अडकलेली बाकी ही अशी परंपरामान्य कारणे होत. यांपैकी कोणत्याही सबबीवर मनुष्य थेट मुंबईपर्यंत गेला, तरी गाव त्याला विनातक्रार रजा देते. परंतु ‘चित्रे आणि मूर्ती पाहावयास जातो’ हे कारण आमच्याकडील कोणत्याच शिरस्त्यात बसत नसल्यामुळे, यंदा दिवाळीच्या सुटीत आमचे कुटुंब मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहावयास निघाले तेव्हा मोठाच पेच उपस्थित झाला.

“मुंबईले कायले जाऊन रायले, भाऊ?” शेजाऱ्यांनी विचारले.

“संग्रहालय पाहाले.”

“थे तं ठीक हाये,” ते किंचित थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पन कायले?”

दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या घरातील कोणाला तरी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवावे लागणार असून रोग बोलून दाखविण्यासारखा नाही, अशी वार्ता पेठेत पसरली. रोगी कोण याविषयी दोन पक्ष पडले. एका पक्षाचा संशय आमच्यावर होता आणि दुसऱ्याचा आमच्या काकाजींवर. एका सहृदय गृहस्थाने तर परळच्या एका दवाखान्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून आमच्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि आम्ही खुलासा करू लागताच, अशा प्रसंगी खुलासा करावयाचा नसतो, असे डोळ्यांनीच सुचविले.

या प्रवासाचे मूळ वस्तुतः आमच्या सूनबाईंच्या वाचनात होते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ सालापासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय चालू असून तेथील मांडणीत मुलांचेही मत घेतले जाते आणि मुलांना वस्तूंशी सलगी करण्याची मुभा असते, ही हकीकत त्यांनी वाचली होती; आणि आपल्या नऊ वर्षांच्या कन्येवर व पाच वर्षांच्या चिरंजीवांवर कलेचे संस्कार व्हावयाचे असतील तर ते याच वयात झाले पाहिजेत, असा त्यांचा ठाम अभिप्राय पडला. अशा अभिप्रायांना आमच्या घरी तत्त्वतः विरोध कधीच होत नाही, खर्चाची तरतूद मात्र होत नाही. यंदा आंबिया बहराचा सौदा वेळेवर होऊन ईसार हाती पडला होता. ईसाराचा पैसा हा शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या सर्व पैशांत अत्यंत प्रसन्न पैसा होय. कारण तो मोजताना उरलेली रक्कम बुडण्याचा संभव अद्याप काल्पनिक असतो. काकाजींनी या प्रसन्नतेच्या भरात प्रवासाला मंजुरी दिली आणि तिच्याबरोबर स्वतःही यावयाचे ठरविले. काकाजी म्हणजे आमचे चुलते. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी जंगलाचे ठेके घेतलेले, आणि तेव्हापासून लाकूड सोडून जगातील इतर पदार्थांविषयी फारशी आस्था न उरलेले असे गृहस्थ.

आमच्या रेल्वे स्थानकाचे नाव ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे आहे. हीच पदवी नागपूरकरही आपल्या शहराला लावतात आणि त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे ती जगात त्यांच्याच नावावर दाखल आहे. आमच्या वाट्याला फलाटावरची पिवळी पाटी तेवढी आली. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही डोंबिवलीच्या आप्तांकडे उतरलो आणि बरोबर आणलेली संत्र्यांची पेटी त्यांच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने, “वा! नागपुरी संत्री!” असे उद्गार काढले. काकाजी त्या दिवशी त्यांच्याशी फारसे बोलले नाहीत.

संग्रहालय या संस्थेचा आमच्या पिढीचा अनुभव म्हणजे नागपूरचा अजब बंगला. सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना १८६३ साली स्थापन झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात आम्हां मुलांना मास्तर रांगेने नेत, पेंढा भरलेले वाघ, जुनी शस्त्रे आणि कोरीव शिळा यांच्यापुढून रांगेनेच चालवीत आणि बाहेर आणून डोकी मोजीत. संख्या बरोबर भरली की सहल यशस्वी झाली, असा तेव्हाचा शैक्षणिक दंडक होता. काचेला हात लावणाऱ्यास छडी मिळे. त्यामुळे संग्रहालय म्हणजे जेथे मनुष्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून हिंडावयाचे असते असे स्थळ, हा संस्कार आमच्या ठायी इतका दृढ झाला आहे, की मुंबईच्या त्या भव्य इमारतीसमोर उभे राहताच आमचे हात आपोआप पाठीमागे गेले. वळून पाहिले तो काकाजींचेही तेथेच होते.

इमारत मात्र खरोखर पाहण्याजोगी आहे. पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्राच्या हस्ते ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तिची कोनशिला बसली. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा काढणारे जॉर्ज विटेट हेच हिचेही वास्तुशिल्पी. विजापूरच्या गोल घुमटाची याद देणारा घुमट, मोगली कमानी, कुर्ल्याचा करडा दगड आणि या सर्वांवर देखरेख करणारी इंग्रजी शिस्त असा हा संमिश्र थाट आहे. इमारत १९१४ च्या सुमारास उभी राहिली. परंतु तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटल्यामुळे तिचा उपयोग जखमी सैनिकांच्या इस्पितळासारखा करण्यात आला, आणि संग्रहालय म्हणून तिची दारे लोकांना १९२२ साली खुली झाली. ही माहिती सूनबाईंनी वाचून दाखविताच काकाजींच्या मुद्रेवर समाधान पसरले.

“म्हंजे दवाखानाच व्हय,” ते म्हणाले. “गावातले लोक उगीच नाही बोलत.”

आत शिरल्यावर मधल्या दालनात एक प्रसंग घडला, त्याचा तपशील देणे भाग आहे. विटेटसाहेबांनी हे दालन सजविताना नाशिकच्या एका जुन्या वाड्यातील कोरीव लाकडी खांब आणि कमानी विकत घेऊन पहिल्या मजल्यावर घुमटाखाली वर्तुळाकार बसविल्या आहेत. एका पडत्या वाड्याचे अवशेष जळाऊ लाकडाच्या वखारीत न जाता येथे येऊन इंग्रज अमलात सन्मानाने नोकरीस लागले, ही गोष्ट कोणाही मराठी मनाला हलविणारी आहे. काकाजींचे मन तर फारच हलले. तेवीस शतकांच्या मूर्तींपुढून, गांधार देशीच्या बुद्धमुखांपुढून, असुर राजांच्या प्रासादातील दगडी शिल्पपटांपुढून ते एखाद्या निरिच्छ संन्याशाच्या वृत्तीने चालत आले होते. त्या खांबांपाशी मात्र ते थबकले, पाठीमागचे हात त्यांनी सोडले, चष्मा वर सारला, आणि बोटाच्या पेराने टक् टक् असा दोनदा आवाज काढून कान लावला.

“सागवान व्हय,” त्यांनी निकाल दिला. “अन् एक गाठ नाही कुठी. असा माल आता मेळघाटात बी नाही भेटत.”

रखवालदार अदबीने पुढे आला आणि कृपा करून हात लावू नये, असे म्हणाला. काकाजींनी त्यालाच घनफुटाचा भाव विचारला. पुढे पाच-दहा मिनिटे त्या दोघांचे जे संभाषण झाले त्यात, रखवालदाराच्याही गावी घराच्या वाश्यांना वाळवी लागल्याचे निष्पन्न झाले आणि काकाजींनी त्यावर उपाय सांगितला. कलेच्या वस्तूपुढे इतक्या तन्मयतेने उभे राहिलेले दुसरे कोणी त्या दिवशी आमच्या दृष्टीस पडले नाही. हा मनुष्य त्या खांबातील कोरीव वेलबुट्टीकडे पाहत नव्हता हे खरे. पण कारागिराने पहिला हात लाकडावर ठेवला असेल तेव्हा त्यानेही गाठच पाहिली असेल.

एवढ्यात मुले कोठे होती, असा प्रश्न वाचकांना पडेल. मुले लघुचित्रांच्या दालनात होती. लघुचित्रे हा प्रकार जाणत्यांनी जाणत्यांसाठी निर्माण केला असे विद्वान म्हणतात. आमची मात्र अशी खात्री पटली आहे की त्याची खरी मालकी मुलांकडे आहे. प्रौढ मनुष्य चित्रापुढे आला की प्रथम ‘विषय’ शोधतो, विषय सापडला की पाटी वाचतो आणि पाटी वाचली की पुढच्या चित्राकडे जातो. मुलाला विषयाशी कर्तव्य नसते. शिकारीच्या एका चित्रात राजाने बाण सोडला होता, मृग उडाला होता, सगळा दरबारी सरंजाम श्वास रोखून उभा होता. आणि आमचा नातू काचेला नाक लावून कोपऱ्यातील झाडाखाली कुत्र्याची दोरी धरून बसलेल्या एका नोकराकडे पाहत होता. “आजोबा, याले झोप येऊन रायली,” तो म्हणाला. आम्ही चष्मा लावून पाहिले. त्या नोकराला खरोखरच झोप येत होती. चारशे वर्षांपूर्वीच्या कोण्या चित्रकाराने एका केसाच्या कुंचल्याने त्याच्या पापण्या जड केल्या होत्या, आणि तेवढे पाहावयाला इतक्या काळानंतर वरूडचे एक पोट्टे आले. या चित्रांत जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा पक्षपात नसतो. विहीर, हत्ती, सज्जातील राणी आणि स्वयंपाकघरातील धूर ही सर्व एकाच वेळी, एकाच महत्त्वाने हजर असतात. पाच वर्षांच्या मनुष्याचे जगही असेच असते.

याच संग्रहालयाच्या संग्रही अकबराच्या चित्रशाळेत १५७५ च्या सुमारास सजविलेल्या ‘अन्वार-ए-सुहैली’ या पोथीची पाने आहेत. ही पोथी म्हणजे आपल्या पंचतंत्राचा फारसी अवतार. अमरशक्ती राजाचे तीन मूढ पुत्र कोणत्याही शास्त्राला दाद देईनात, तेव्हा विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा मक्ता घेतला आणि तो सिंह, कोल्हे, कावळे व घुबडे यांच्या मदतीने पुरा केला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पाहता पाहता ही जनावरे संस्कृतातून पहलवीत, तेथून अरबीत, तेथून फारसीत अशी सरहद्दी ओलांडीत अकबराच्या दरबारात दाखल झाली, आणि एवढ्या दगदगीतही त्यांतील कोल्ह्याचा लबाडपणा यत्किंचित कमी झाला नाही. अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली निघालेले मुलांचे संग्रहालय हे जगातील या जातीचे पहिले मानतात. दिल्लीस व्यंगचित्रकार शंकर यांनी बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ साली उघडले. पण मुलाला शिकवावयाचे असेल तर त्याच्यापुढे शास्त्र न ठेवता कोल्हा ठेवावा, हा शोध विष्णुशर्म्याच्या नावे पूर्वीच नोंदला गेला आहे. त्याच्या सुदैवाने राजपुत्रांबरोबर त्यांचे आईबाप वर्गात बसत नव्हते.

मुलांचे संग्रहालय आवारातच, एका प्रचंड गोरखचिंचेच्या छायेला आहे. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. खोड हत्तीलाही लाजवील असे. तेथे वस्तू मुलांच्या उंचीला मांडलेल्या, हाताळण्यासारख्या वस्तू जवळ घेता येण्याजोग्या, आणि देखरेखीला असलेली मंडळी इतकी हसतमुख, की आमच्या पिढीतील मनुष्याला प्रथमदर्शनी काही तरी घोटाळा असावा असेच वाटते. या लोकांनी मुलांचा विचार फार खोलवर केला आहे. त्यांच्याबरोबर येणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मात्र केलेला दिसत नाही. किंवा केला असेल, तर हताश होऊन सोडून दिला असावा.

कारण दाराशी पाऊल टाकताच तेथील सर्व वडीलधारी मंडळींनी, वरूडची असोत, घाटकोपरची असोत की मलबार हिलची असोत, आपापल्या अपत्यांची मनगटे अशी घट्ट धरली होती, की पोळ्याच्या तोरणाखाली उधळू पाहणारा बैलही इतका आवळून कोणी धरीत नाही. एका बाईंनी आमच्या नातवापुढे एक वस्तू करून ती हातात घेण्यास सांगितले. नातवाने हात पुढे केला. त्याच क्षणी आमच्या मुखातून, आमच्या सौभाग्यवतींच्या मुखातून, सूनबाईंच्या मुखातून आणि आमच्याशी सुतराम संबंध नसलेल्या एका गुजराती आजोबांच्या मुखातून एकाच वेळी, तीन भाषांत, ‘हात लावू नको’ असा उद्घोष झाला.

“अवो आजोबा,” नातू रडकुंडीला येऊन म्हणाला, “थ्या बाईच म्हंते नं, हातात घे म्हून!”

“थे म्हंतीन,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पन आपुन लावू नाही.”

या उत्तरात आमच्या समग्र पालनशास्त्राचे सार आले आहे. सरकारी अधिकाऱ्याने ‘बसा’ म्हटले तरी खुर्चीच्या कडेला टेकावयाचे आणि यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह केल्यावाचून ताटातील दुसरा लाडू उचलावयाचा नाही, अशा नियमांवर ज्यांचे पोषण झाले, त्यांना परवानगी हा केवळ परीक्षा पाहण्याचा एक कावेबाज प्रकार वाटतो. त्या बाईंना हा अनुभव नवा नसावा. त्यांनी अत्यंत कौशल्याने प्रथम ती वस्तू आमच्याच हाती दिली आणि मग मुलांना आमच्याकडून ती घेऊ दिली. वडीलधाऱ्यांच्या हातून आली म्हणताच तिच्यातील धोका नाहीसा झाला.

यानंतर परीक्षेचे सत्र सुरू झाले. सूनबाई स्वभावाने अतिशय प्रेमळ आहेत, परंतु कोणताही आनंद नोंद झाल्यावाचून वाया जाऊ नये अशी त्यांची काळजी असते. “हे पाहून तू काय शिकलास?”, “यातला तुला आवडलेला रंग कोणता आणि का?”, “हे कोणत्या काळातले असेल?” असे प्रश्न त्या ज्या वेगाने विचारीत होत्या, तो वेग पाहून कोणाही वकिलाने उलटतपासणीचे धडे घ्यावे. मुलगी शहाणी, तिने जाबजबाब व्यवस्थित दिले आणि शाळेत सुटीनंतर निबंध लिहावा लागणार हे ओळखून वहीत टिपणेही केली. चिरंजीवांची साक्ष मात्र पूर्णतः फुटली. इतक्या वेळात सर्वांत जास्त काय आवडले, या प्रश्नाला त्यांनी प्रथम ‘जिना’ असे उत्तर दिले, मग विचार करून ते रद्द केले आणि ‘रखवालदाराची फिरती खुर्ची’ असे कायम केले.

आमच्याभोवती इतर कुटुंबांतही हेच न्यायदान चालू होते. वडील पडद्यातून सर्व पाहत होते, म्हणजे मोबाइलमध्ये. मुलगा नैसर्गिक आनंदाने एखाद्या गोष्टीकडे वळला की, “तसाच उभा राहा,” असे फर्मान सुटे, आणि छायाचित्र निघेपर्यंत तो आनंद नाहीसा होऊन त्याच्या जागी दात उरत. एक पिता तर आपल्या मुलीला घेऊन इतक्या वेगाने फिरत होता, की त्याला दिवसाकाठी मत्स्यालय, तारांगण आणि राणीची बाग हीही प्रकरणे निकाली काढावयाची असावीत. मुलगी प्रत्येक वळणावर मागे पाहत होती.

आमच्या सौभाग्यवतींविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. टाटा कुटुंबातील सर रतन आणि सर दोराबजी या बंधूंनी जमविलेला जो प्रचंड कलासंग्रह या संस्थेला लाभला, त्यात चीन-जपानची भांडीकुंडी, हस्तिदंत आणि जेड यांची इतकी नाजूक कामे आहेत, की पाहणारा बोलणे विसरतो. सौभाग्यवती विसरल्या नाहीत. त्या एका निळ्या-पांढऱ्या बरणीपुढे बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या, “हात तं जाईन नाही आत. घासत कसे असतीन?” आणि तेथून निघेपर्यंत या बरणीच्या गळ्याने त्यांना बेचैन केले. कलासमीक्षेच्या ग्रंथांत घाटाविषयी पुष्कळ लिहिलेले असते. परंतु तो घाट रोज घासणाऱ्या हाताचा त्यात कोठेही उल्लेख नसल्यामुळे हे शास्त्र अद्याप एकांगी राहिले आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

आमची तर आता अशी नम्र सूचना आहे, की मुलांच्या संग्रहालयालगत वडीलधाऱ्यांसाठी एक स्वतंत्र दालन काढावे. तेथे आरामखुर्च्या, चहाची सोय, कालची वर्तमानपत्रे, आणि वर्णनाच्या पाट्या भरपूर असाव्यात; वस्तू एकही नसली तरी चालेल, कारण पाट्या वाचण्यातच त्या वर्गाचे समाधान होते. एका भिंतीशी सागवानाचा एक गाठ नसलेला खांब उभा करावा आणि तो ठोकून पाहण्यास पूर्ण मोकळीक असावी. दाराशी एक शाळकरी मूल रखवालदार म्हणून बसवावे, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्याने, “काय पाहिले? त्यातून काय शिकलात?” असे विचारून समाधानकारक उत्तर मिळेतो सोडू नये.

परतीच्या प्रवासात बडनेऱ्याच्या अलीकडे काकाजी एकाएकी उठून बसले आणि असले संग्रहालय वरुडातही झाले पाहिजे, असा ठराव त्यांनी मांडला. संत्र्यांच्या जुन्या पेट्या, मोटेची चाके, वखारीतील वजने आणि ठेक्याच्या काळातील त्यांची स्वतःची पासबुके असा प्राथमिक साठाही त्यांनी जाहीर केला. नगरपरिषदेकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदा तेथल्या तेथे आमच्या नातीच्या वहीत सुरू झाला. पहिल्या कलमात काकाजींनी ‘सदरहू संग्रहालयातील कोणत्याही वस्तूस कोणीही हात लावू नये’ असे सांगितले. नातीने त्यावर लेखी हरकत घेतली. दुसऱ्या कलमात घसरगुंडीची मागणी आहे, ती कोणी घातली हे अक्षरावरून ओळखू येते. तिसरे कलम रखवालदाराच्या नेमणुकीचे असून ती जागा अर्जदाराच्या घराण्यात वंशपरंपरागत चालावी आणि तिच्याबरोबर फिरती खुर्ची मिळावी, यावर मात्र काकाजी आणि नातू यांचे एकमत आहे. वाद एवढाच उरला आहे की प्रथम कोणी बसावयाचे.